परमुलखातला दवाखाना



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गटांच्या बैठका घेताना आम्हाला बचत-कर्जापलीकडचे प्रश्नही ऐकायला मिळतात. यंदा एक प्रश्न दोन-तीन गावांतून आला. आता आपल्या गटांतल्या काही बायकांच्या मुली होमिओपॅथीचं, म्हणजे बीएचएमएसचं शिक्षण घेतायत. त्यांना कळतं की काही संस्था परदेशात, गरीब वस्त्यांमध्ये होमिओपॅथीचे मोफत दवाखाने काढतात आणि त्यासाठी स्वयंसेवक नेतात. मुलगी म्हणते, जाऊ का? आई आम्हाला विचारते, ताई, पाठवू का?

असा प्रश्न आला की आम्ही मागे वळून बघतो. आपल्या आधी कोणी असं गेलं होतं का? गेले त्यांनी काय केलं? ते परत आल्यावर तिथे काय उरलं? म्हणून आज दोन दवाखान्यांचा इतिहास सांगायचा आहे. एक दवाखाना परदेशातून आलेल्या माणसाने आपल्या देशात काढला, तो होमिओपॅथीचाच. दुसरा आपल्या सोलापूरच्या मुलाने चीनमध्ये चालवला, तो शस्त्रक्रियेचा.

आधी होमिओपॅथीचं थोडं सांगू, कारण गोळ्या घरोघरी आहेत पण त्या आल्या कुठून हे कमी जणींना माहीत असतं. ही पद्धत जर्मनीची. सॅम्युएल हानेमान नावाच्या डॉक्टरांनी 1796 मध्ये तिचं मूळ सूत्र मांडलं आणि 1810 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्या काळी युरोपातले डॉक्टर तापाच्या रोग्याचं रक्त काढायचे, जळवा लावायचे, पारा मिसळलेली औषधं द्यायचे. रोगाने नाही तर उपचाराने माणूस जायचा. अशा वेळी साखरेच्या बारीक गोळ्या देणारा, रोग्याशी तासभर बसून बोलणारा डॉक्टर लोकांना आवडला यात नवल नाही. 1839 मध्ये होनिगबर्गर नावाचे युरोपीय डॉक्टर लाहोरला महाराजा रणजितसिंहांवर उपचार करायला आले, तिथून भारतात या पद्धतीचं नाव झालं. पुढे कोलकात्याला डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्यासारखे एमडी झालेले डॉक्टर तिच्याकडे वळले आणि बंगालमध्ये ती घरोघर पोचली.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती नेणारा माणूस मात्र धर्मगुरू होता. फादर ऑगस्टस म्युलर. जन्म 1841 चा, जर्मनीतल्या वेस्टफालिया भागातला. 1878 च्या अखेरीस ते मंगळूरला आले ते शिक्षक म्हणून. होमिओपॅथीची माहिती होती, सोबत औषधांची पेटी होती. आजारी विद्यार्थ्यांना, मग आसपासच्या गरिबांना गोळ्या देऊ लागले. 1880 मध्ये कंकनाडी इथे त्यांचा दवाखाना सुरू झाला. सांगतात की सुरुवात वडाच्या झाडाखाली झाली.

ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते ती पुढच्या भागासाठी. म्युलर औषधं परदेशातून मागवत आणि टपालाने देशभर विकत. त्या विक्रीतून आलेला पैसा गरिबांच्या मोफत दवाखान्याला लागायचा. म्हणजे दवाखाना देणगीच्या भरवशावर टांगलेला नव्हता, त्याला स्वतःची मिळकत होती. आपण गटात म्हणतो ना, की अनुदान आलं तर उत्तम, पण गट चालतो तो आपल्या बचतीवर. तेच हे. दुसरं असं की समोर जो रोगी आला त्याच्याप्रमाणे दवाखाना बदलत गेला. कुष्ठरोग्यांना तेव्हा कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी 1890 मध्ये तिथे आश्रय उभा राहिला. पुढे प्लेगच्या दिवसांत प्लेगच्या रोग्यांचीही सोय झाली. म्युलर 1910 मध्ये मंगळूरलाच वारले. ते आले तेव्हा सदतीस वर्षांचे होते, परत गेलेच नाहीत. आज त्यांच्या नावाने तिथे होमिओपॅथीचं महाविद्यालय आहे आणि त्याच्याच शेजारी आधुनिक वैद्यकाचं महाविद्यालय आणि मोठं रुग्णालयही आहे.

आता उलट्या दिशेने जाऊ. आपल्याकडून बाहेर.

बाहेरदेशी जाऊन डॉक्टर होण्याची वाट तर आपल्या शेजारच्या कल्याणच्या लेकीने पाडलेली. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये बोटीने अमेरिकेला गेल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या शिकायला गेल्या होत्या आणि परत येऊन इथल्या बायकांना औषध द्यायचं हे ठरवून गेल्या होत्या. आयुष्याने साथ दिली नाही. 1887 मध्ये, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, पुण्यात त्या गेल्या. त्यांच्यानंतर अर्धशतकाने आपल्याकडून डॉक्टरांची तुकडी बाहेर पडली ती शिकायला नाही, सेवा द्यायला.

साल 1938. जपानने आदल्या वर्षी चीनवर मोठं आक्रमण केलेलं. चीनकडे डॉक्टर कमी, औषधं त्याहून कमी. चिनी सेनापती चू-ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता हे लक्षात घ्या. घरात धान्य नसताना शेजाऱ्याला पायली द्यावी, तसंच हे. तरी जुलै महिन्यात देशभर चीनसाठी निधी गोळा झाला. बावीस हजार रुपये जमले. रुग्णवाहिका आणि औषधं घेऊन पाच डॉक्टर निघाले. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल. ते स्पेनच्या युद्धातही जखमींची सेवा करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

कोटणीसांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा. मुंबईत परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपण केईएम म्हणतो त्या रुग्णालयाच्या कॉलेजात ते शिकले. शहापूर-मुरबाडहून अजूनही माणसं मोठ्या दुखण्यासाठी केईएमलाच जातात, तेव्हा तो जिना, ते वॉर्ड आपल्या ओळखीचे. पुढचं शिक्षण घ्यायचं मनात होतं, तेवढ्यात ही हाक आली. वय अठ्ठावीस पुरं नव्हतं. 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून बोट सुटली.

चीनला पोचल्यावर एका ठिकाणी बसून दवाखाना चालवणं नव्हतंच. कँटन, वुहान, चुंगकिंग असं लढाईच्या मागेमागे, मागे सरकणाऱ्या लोकांबरोबर ते फिरत राहिले. त्याच काळात घरून वडील गेल्याची बातमी आली. परत जाण्याची मुभा होती. ते परतले नाहीत. फेब्रुवारी 1939 मध्ये तुकडी येनानला पोचली. तिथे माओ आणि चू-ते यांनी त्यांचं स्वागत केलं.

पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ' जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं के दीहुआ. लग्न होऊन सासरी आल्यावर आपली नावं बदलतात ते आपल्याला ठाऊक आहे, त्यात आपली इच्छा कोणी विचारत नाही. यांनी मात्र नाव आपणहून घेतलं आणि ते सार्थ केलं.

पाचजणांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. मुखर्जी आणि चोळकर 1939 मध्ये परतले, अटल 1940 मध्ये. ते पळून आले असं कोणी म्हणू नये. तिथली थंडी, खाणं, चालणं, प्रकृती, सगळ्याची मर्यादा असते. जितकं झेपलं तितकं त्यांनी केलं. राहिले दोघे, बसू आणि कोटणीस. ते जपानी सैन्याच्या पिछाडीला असलेल्या डोंगराळ मुलखात गेले. तिथे आधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, त्यातून रक्तात विष पसरलं आणि नोव्हेंबर 1939 मध्ये ते वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी जानेवारी 1941 मध्ये कोटणीसांवर आली.

रुग्णालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिमेंटची इमारत येते. ते रुग्णालय हेबेई प्रांतातल्या खेड्यांत, गावकऱ्यांच्या घरांतून चाललेलं. शत्रू जवळ आला की जखमींना उचलून दुसऱ्या गावी न्यायचं. आपल्याकडे पावसात रस्ता नसला की पाड्यावरून बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही धावपळ सांगावी लागणार नाही. 1940 च्या एका लढाईत कोटणीसांनी बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी त्यांच्या हाताखालून गेले.

पण आम्हाला त्या बहात्तर तासांपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. ते चिनी भाषा शिकले. नुसती कुठे दुखतंय विचारण्यापुरती नाही. वर्गात उभं राहून शिकवता येईल इतकी. बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत खेड्यातल्या तरुण मुलामुलींना ते शल्यविद्या शिकवायचे. त्यासाठी त्यांनी चिनी भाषेत पुस्तक लिहिलं. एक पुरं झालं, दुसरं लिहीत असतानाच ते गेले. औषध दिलं की एक रोगी बरा होतो, शिकवलं की शिकणाऱ्याच्या हाताने पुढचे कित्येक.

त्याच शाळेत गुओ छिंगलान नावाची तरुणी परिचारिकांना शिकवायची. 1941 च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

कोटणीसांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे झटके येऊ लागले होते. विश्रांती घ्या असं सांगणारे होते, घेणारा नव्हता. 9 डिसेंबर 1942 रोजी ते गेले. वय बत्तीस. बाळ साडेतीन महिन्यांचं.

मैत्रिणींनो, तारखेकडे बघा. याच्या बरोबर चोवीस दिवसांनी, 2 जानेवारी 1943 ला, आपल्या मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात भाई कोटवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांनी धारातीर्थी पडले. दर 2 जानेवारीला आपल्याकडची माणसं सिद्धगडला जातात. तिकडे चीनमध्ये लोक कोटणीसांच्या समाधीवर फुलं वाहतात. एक घरच्या डोंगरात, दुसरा हजारो कोसांवरच्या डोंगरात. दोघांचं वय जवळपास सारखं. त्या पिढीला घरचं आणि बाहेरचं यांत फार अंतर वाटत नसावं.

मागे राहिलेल्यांचं सांगायचं तर इतिहास तिथे बहुतेक वेळा थांबतो, आपण थांबायला नको. गुओ छिंगलान यांनी एकटीने मूल वाढवलं. तो मुलगाही वैद्यकीय शिक्षण घेत होता. 1967 मध्ये, पंचविशीच्या आतच, तोही गेला. आईने नवऱ्यापाठोपाठ मुलगाही गमावला. तरी त्यांनी सासरचं नातं तोडलं नाही. अनेक वेळा भारतात येऊन कोटणीस कुटुंबाला भेटल्या. 2012 मध्ये त्या गेल्या. मधल्या काळात, 1962 मध्ये, दोन्ही देशांत युद्ध झालं. अजून सीमेवर ताण असतो. पण चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटण्याची प्रथा टिकली. सोलापुरात त्यांच्या जन्मघराचं स्मारक झालं आहे. व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पाहिलेला.

आणि परत आलेल्या बसूंची गोष्ट तर आजच्या विषयाच्या अगदी जवळची. 1950 चं दशक संपत असताना ते पुन्हा चीनला गेले, सुया टोचून उपचार करायची तिथली पद्धत, ॲक्युपंक्चर, शिकले आणि कोलकात्याला ती सुरू केली. द्यायला गेलेला माणूस घेऊनही आला.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. या इतिहासातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, मुक्काम. म्युलर बत्तीस वर्षं राहिले, कोटणीस मरेपर्यंत. सगळ्यांनी जन्म द्यावा असं आम्ही म्हणत नाही. पण महिनाभराचा पाहुणा दवाखाना काढू शकत नाही, तो शिबिर घेऊ शकतो. शिबिर आपल्याला चांगलंच माहीत आहे. शहरातून गाडी येते, मंडप लागतो, रांग लागते, रक्तदाब मोजतात, पिशवीभर गोळ्या मिळतात, फोटो निघतो, संध्याकाळी गाडी जाते. त्या गोळ्या संपल्यावर बाईने कुणाकडे जायचं? रक्तदाब वाढलेला निघाला तर पुढे कोण बघणार? आपल्याला इथे जे बोचतं तेच तिकडच्या बायकांनाही बोचत असणार.

दुसरी, मागे कोण राहणार. आपल्याच महाराष्ट्रात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि खेड्यातल्या, पुष्कळदा शाळेत न गेलेल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, बाळाचं वजन, ताप, जुलाब सगळं त्या बघू लागल्या. आज आपल्या गावच्या आशाताई त्याच विचाराच्या वारस आहेत. परदेशातल्या दवाखान्यात तिथल्या बायांना शिकवण्याची योजना आहे का, हे मुलीने विचारावं. नसेल तर तो दवाखाना तिच्या परतीच्या तिकिटाबरोबर बंद होईल.

तिसरी गोष्ट औषधाची, आणि ती आम्ही स्पष्टच सांगतो. हानेमानच्या काळात गोळीने अपाय होत नव्हता हाच तिचा मोठा गुण होता, कारण बाकीचे उपचार अपाय करत होते. आज तसं नाही. आज क्षयाला, हिवतापाला, न्यूमोनियाला खात्रीची औषधं आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये इशारा दिला की क्षय, हिवताप, एचआयव्ही आणि लहान बाळांचे जुलाब यांसाठी होमिओपॅथीवर विसंबू नये. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये सगळे अभ्यास तपासून सांगितलं की ही पद्धत गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा कुठल्याच आजारासाठी मिळाला नाही. आपल्याकडे तिला कायद्याने मान्यता आहे, 1973 मध्ये केंद्राने तिच्यासाठी कायदा केला होता, आणि अनेकींना त्या डॉक्टरांशी बोलून बरं वाटतं हेही खरं. पण ज्या गरीब वस्त्यांत हे दवाखाने काढतात तिथे नेमके हिवताप आणि जुलाबच मुलांचा जीव घेतात. तिथे गोड गोळीने गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत. म्हणून मुलीने विचारावं, गंभीर रोगी ओळखून मोठ्या दवाखान्यात धाडायची सोय तिथे आहे का? गाडी आहे का? शेजारच्या सरकारी रुग्णालयाशी बोलणं झालंय का? उत्तर गुळमुळीत आलं तर जाऊ नये.

आम्ही त्या आयांना सांगितलं ते असं. मुलीला अडवू नका. आनंदीबाईंना लोकांनी अडवलं असतं तर काय झालं असतं? पण तिला हे प्रश्न देऊन पाठवा. लेखी उत्तरं मागू द्या. किती महिने, राहणं-खाणं कोण बघणार, तिथल्या सरकारची परवानगी आहे का, आपलं प्रमाणपत्र तिथे चालतं का, भाषा कोण शिकवणार, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. आपण बँकेत कर्जाच्या कागदावर अंगठा द्यायच्या आधी वाचून घेतो, तसंच हे.

आणि एक विचार तिच्यापुढे नक्की ठेवा. सेवेला जायचं तर परमुलूख लांबच असतो असं नाही. तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पाणी आपल्या शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवरच्या कातकरी, ठाकूर बाया हंडा घेऊन मैलभर चालतात. त्या पाड्यांवर दर आठवड्याला, न चुकता, वर्षभर जाणारा सुशिक्षित माणूस मिळणं चीनला जाणाऱ्याइतकंच दुर्मीळ आहे. तिथली ठाकरी, कातकरी बोली शिकणं हीही एक परकी भाषा शिकणंच आहे. आधी इथे वर्षभर आशाताईबरोबर फिरली आणि मग बाहेर गेली तर तिकडच्या बायकांनाही तिचा जास्त उपयोग होईल.

जाता जाता घरात लागणारी गोष्ट. बाळाला जुलाब लागले तर कुठल्याही गोळीची वाट न बघता आशाताईकडून ओआरएसची पुडी आणा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजत राहा. अंगावरचं दूध थांबवू नका. चौदा दिवस झिंकची गोळी द्या, तीही आशाताईकडे मिळते. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर 108 ला फोन करा आणि शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा.

पुढच्या बैठकीत आपल्या गावातल्या दवाखान्याबद्दल बोलू. उपकेंद्र आठवड्यातून किती दिवस उघडं असतं, याची नोंद प्रत्येक गटाने महिनाभर ठेवून आणावी. रामराम.